एक्का आणि सेनापती
(हवाई दलप्रमुख हृषीकेश मुळगावकर यांच्या कारकीर्दीवरून)

युद्धातील वैमानिकांची हकीकत वर्गात निघाली की मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "त्याने शत्रूची किती विमाने पाडली?" प्रश्न स्वाभाविक आहे. क्रिकेटपटूच्या धावा मोजाव्यात, तद्वत वैमानिकाचे विजय मोजावेत असे कोवळ्या मनास वाटते. आणि खरे सांगावयाचे तर ही मोजदाद मुलांनी सुरू केलेली नाही, ती मोठ्यांनीच सुरू केली. पहिल्या महायुद्धात, 1915 साली, फ्रान्समधील वृत्तपत्रांनी आदोल्फ पेगू नावाच्या वैमानिकास पत्त्यांतील 'एक्का' ही पदवी बहाल केली. पुढे ज्याने हवाई झुंजीत शत्रूची निदान पाच विमाने पाडली तो एक्का, असा संकेत रूढ झाला. जर्मनीच्या मान्फ्रेड फोन रिख्टहोफेनच्या नावावर असे 80 विजय नोंदले गेले. आपल्या देशात या व्याख्येत बसणारा वीर म्हणजे कलकत्त्यास 1898 साली जन्मलेला इंद्रलाल रॉय. त्याने जुलै 1918 मध्ये अवघ्या पंधरवड्याच्या आत दहा विजय मिळविले आणि त्याच महिन्याच्या 22 तारखेस तो रणांगणावर पडला. त्या वेळी त्यास विसावे वर्षही पूर्ण झाले नव्हते.

परंतु हवाई युद्धात आणखी एक मोजदाद असते. ती वृत्तपत्रांत छापून येत नाही. सकाळी आपली किती विमाने उडाली आणि संध्याकाळी किती परत आली, हा तो हिशेब. पहिला हिशेब एकट्या वैमानिकाचा, तर दुसरा सेनापतीचा. या दोहोंतील अंतर आमच्या धरमतरच्या मुलांस समजावून सांगणे फारसे कठीण नाही. गावाच्या नावातच 'तर' आहे. खाडीवर पूल नव्हता, त्या काळी पेणकडून अलिबागेस जाणारा प्रवासी येथे तरीत बसूनच पैलतीर गाठी. भर उधाणात एखादा गडी पोहून पार गेला, तर लोक त्याची वाहवा करीत. परंतु आपली बायकामुले त्याच्या पाठीवर कोणी बसवीत नसे. ती बसत तरीवाल्याच्या भरवशावर, आणि तरीवाल्यास विचारणे एकच असे : किती बसले आणि किती उतरले?

पोहणाऱ्याचा तरीवाला कसा होतो, म्हणजेच शूर वैमानिकाचा सेनापती कसा घडतो, हे पाहावयाचे असेल तर एका महाराष्ट्रीय पुरुषाची कारकीर्द आपल्यासमोर आहे. ते म्हणजे एअर चीफ मार्शल हृषीकेश मुळगावकर.

मुळगावकरांचा जन्म 14 ऑगस्ट 1920 रोजी मुंबई येथे झाला. वयाच्या एकविसाव्या वर्षी, नोव्हेंबर 1940 मध्ये, ते हवाई दलात अधिकारी म्हणून दाखल झाले. त्या वेळचे आपले हवाई दल म्हणजे केवढे, याची आज कल्पना येणार नाही. दलाची स्थापना 8 ऑक्टोबर 1932 ची; पहिली तुकडी उभी राहिली ती 1 एप्रिल 1933 रोजी, कराचीजवळ द्रिघ रोड येथे, चार वापिटी विमाने आणि मूठभर माणसे यांच्या बळावर. ती वापिटी विमाने दोन पंखी, उघड्या बैठकीची व तेव्हाच जुनी झालेली होती. दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा आपल्यापाशी उणीपुरी एक स्क्वाड्रन होती. युद्ध संपले तेव्हा नऊ होत्या. ज्या तरुणांनी या सहा वर्षांत ही वाढ स्वतःच्या खांद्यावर पेलली, त्यांतील एक मुळगावकर होत.

येथे हवाई दलाची रचना थोडक्यात सांगणे इष्ट होईल. चार-सहा विमानांच्या गटास फ्लाइट म्हणतात. अशा दोन-तीन फ्लाइटी मिळून स्क्वाड्रन होते. तीत साधारणपणे बारा ते सोळा विमाने असतात. एकाहून अधिक स्क्वाड्रनी एका अधिकाऱ्याच्या हाताखाली आल्या म्हणजे विंग होते, आणि विंगांच्या वर मोठमोठे विभाग असतात. वैमानिक या पायऱ्या चढू लागला की दर पायरीस त्याच्या भरवशावर असणाऱ्यांची संख्या वाढत जाते. यांत केवळ उडणारेच नसतात. एक विमान आकाशात राहावे म्हणून जमिनीवर यंत्रज्ञ, शस्त्रागारातील माणसे, बिनतारी संदेशवाले, हवामानतज्ज्ञ, पेट्रोल भरणारे असे कितीतरी हात राबत असतात. त्यांतील एकाने स्क्रू सैल ठेवला तर वैमानिकाचे शौर्य व्यर्थ होय.

दुसऱ्या महायुद्धात मुळगावकर ब्रह्मदेशाच्या मोहिमेत लढले. आता वाचक विचारतील की, एवढ्या मोठ्या युद्धात आपल्या स्क्वाड्रनींमधून एक्के का निर्माण झाले नाहीत? शौर्याची उणीव हे त्याचे कारण नव्हे. के. के. मजुमदार, मेहरसिंग, अर्जनसिंग यांच्यासारखे कसलेले नेते त्या वेळी आपल्यात होते. कारण कामाच्या स्वरूपात होते. आपल्या बहुतेक स्क्वाड्रनींकडे हरिकेन जातीची विमाने होती आणि त्यांस काम होते ते टेहळणीचे व जमिनीवरील सैन्यास साहाय्य करण्याचे. टेहळणीस बहुधा दोन विमाने जात. ब्रह्मदेशाच्या अरण्यात झाडांच्या शेंड्यांवरून ती उडत. एक वैमानिक खाली पाहून पाऊलवाटा, होड्या, नवे बांधलेले पूल, धुराच्या रेषा टिपून घेई. दुसरा मागे राहून शत्रूची विमाने येतात काय याकडे लक्ष ठेवी. छायाचित्रे काढावयाची असली तर विमान सरळ रेषेत व एका उंचीवर स्थिर ठेवावे लागे. आणि खालून गोळीबार होत असता विमान सरळ ठेवणे याहून मोठी परीक्षा ती कोणती? अशा उड्डाणात शत्रूचे विमान दिसले तर त्याच्याशी झुंजत बसण्यापेक्षा हाती आलेली बातमी सुखरूप घेऊन परतणे हेच कर्तव्य ठरे. कारण त्या बातमीवर खालच्या हजारो शिपायांचा जीव अवलंबून असे.

1944 च्या मार्चअखेरीस जपानी सैन्याने इंफाळकडे येणारा रस्ता तोडला. तो 22 जून रोजी मोकळा झाला. मधल्या जवळजवळ तीन महिन्यांत तेथील सैन्यास अन्न, दारूगोळा, औषधे सर्व काही विमानांनीच पुरविले गेले. अर्जनसिंगांच्या नेतृत्वाखाली आपली पहिली स्क्वाड्रन तेथूनच रोज टेहळणीस जात होती. त्या वैमानिकांच्या नावापुढे पाडलेल्या विमानांचे आकडे नाहीत. परंतु वेढ्यातील सैन्य तगले आणि जपानी फौजेस माघार घ्यावी लागली, या यशात त्यांचा वाटा आहे. आपल्या हवाई दलाचे पुढारी या शाळेत शिकले. आपण उडतो ते दुसऱ्यासाठी, हा तेथला पहिला धडा होय.

स्वातंत्र्य मिळाल्यावर दोनच महिन्यांनी या शिक्षणाची कसोटी लागली. ऑक्टोबर 1947 मध्ये काश्मीरवर टोळ्यांचा हल्ला आला. 27 ऑक्टोबर रोजी पहाटे शीख पलटणीच्या पहिल्या बटालियनचे जवान डाकोटा विमानांतून दिल्लीहून श्रीनगरास उतरविण्यात आले. काही तास उशीर झाला असता तर विमानतळ शत्रूच्या हाती जाण्याचा धोका होता. पाठोपाठ स्पिटफायर आणि टेम्पेस्ट ही लढाऊ विमाने तेथे आली. पुढे चौदा महिने हे युद्ध चालले, आणि त्यात काश्मीरमधील लढाऊ विमानांच्या विंगेचे नेतृत्व विंग कमांडर मुळगावकर यांच्याकडे आले. 1948 साली त्यांचे वय होते अवघे अठ्ठावीस.

पर्वतीय प्रदेशात विमान चालविणे म्हणजे काय, हे भौतिकशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यावे. उंचीवर हवा विरळ असते. हवा विरळ म्हणजे पंखांस मिळणारा आधार कमी आणि एंजिनाची शक्तीही कमी. सपाटीवर जे विमान ठरावीक अंतर धावून उडते, त्यास श्रीनगरास, म्हणजे सुमारे 5,400 फुटांवर, अधिक लांब धावावे लागते. त्यात दरीत अवचित येणारे ढग, कड्यांवरून खाली कोसळणारे वाऱ्याचे झोत आणि वळण चुकले तर समोर उभा ठाकलेला डोंगर. हिवाळ्यात बनिहालचा घाट बर्फाने बंद पडे, आणि त्या काळी तेथे आजच्यासारखा बोगदाही नव्हता. तेव्हा पेट्रोलचा प्रत्येक पिंप व काडतुसांची प्रत्येक पेटी जपून वापरावी लागे.

अशा ठिकाणी विंगेच्या प्रमुखाचे काम काय असते? उद्या कोणत्या दरीत ढग असतील, कोणत्या ठाण्याची मदतीची हाक प्रथम ऐकावयाची, पेट्रोल किती उड्डाणांस पुरेल, कोणता वैमानिक थकला आहे व तरीही 'मी जातो' म्हणत आहे, याचा विचार त्याने आदल्या रात्री करावयाचा असतो. सकाळी एखाद्यास पाठवावयाचे आणि एखाद्यास थांबवावयाचे. दोन्ही आज्ञा सारख्याच जड असतात. पाठविलेला परत आला नाही तर त्याच्या आईवडिलांस पत्र लिहिण्याचे कामही प्रमुखाकडेच येते. यावर मुळगावकरांसारख्या अधिकाऱ्यांनी काढलेला तोड असा की, ज्या वाटेने दुसऱ्यास धाडावयाचे, त्या वाटेने आपणही उडावयाचे. पुढे त्यांनी इंग्रजीत आपल्या आठवणी लिहिल्या, त्या पुस्तकाच्या नावाचा आशयही हाच : नेतृत्व करावयाचे ते वैमानिकाच्या बैठकीवरून. काश्मीरमधील या कामगिरीबद्दल त्यांस महावीरचक्र मिळाले. परमवीरचक्राच्या खालोखाल रणांगणावरील शौर्याचा हा सर्वांत मोठा मान आहे.

त्याच युद्धातील त्यांचे ज्येष्ठ सहकारी एअर कमोडोर मेहरसिंग यांची गोष्टही येथे सांगितली पाहिजे. पूंछ शहरास शत्रूचा वेढा पडला होता आणि आत सैन्याखेरीज सुमारे 40,000 निर्वासित अडकले होते. जवानांनी व नागरिकांनी मिळून एक कच्ची धावपट्टी तयार केली. डिसेंबर 1947 मध्ये मेहरसिंगांनी पहिले डाकोटा विमान स्वतः तेथे उतरविले. त्यानंतर तोफा, दारूगोळा व धान्य आत जाऊ लागले आणि परतीच्या फेरीत निर्वासित बाहेर येऊ लागले. लढाऊ विमाने भोवतालच्या टेकड्यांवरील शत्रूस दाबून ठेवीत. वेढा उठला तो नोव्हेंबर 1948 मध्ये. याच मेहरसिंगांनी 24 मे 1948 रोजी जनरल थिमय्या यांस बरोबर घेऊन लेह येथे विमान उतरविले. ती जागा साडेदहा हजार फुटांहून अधिक उंचीवर आहे. 'विमान तेथे उतरू शकेल काय' या प्रश्नास त्यांनी कागदावर उत्तर दिले नाही. दुसऱ्याचा जीव धोक्यात घालण्यापूर्वी स्वतःचा घातला.

आता याच्या नेमके उलट उदाहरण पाहू. जर्मनीचा हेर्मान गोरिंग हा पहिल्या महायुद्धातील नावाजलेला एक्का होता. त्याच्या नावावर 22 विजय होते. पुढे तो जर्मन हवाई दलाचा सर्वाधिकारी झाला. नोव्हेंबर 1942 मध्ये स्टालिनग्राड येथे जर्मनीची मोठी फौज रशियनांच्या वेढ्यात सापडली, तेव्हा त्याने हिटलरला शब्द दिला की, या फौजेस आपण विमानांनी सर्व सामग्री पुरवू. फौजेस दररोज निदान 300 टन माल हवा होता. प्रत्यक्षात पोहोचला तो सरासरीने शंभर-सव्वाशे टनांच्या घरात. हिवाळा, अंतर, विमानांची संख्या यांचा हिशेब न करता दिलेला तो शब्द होता, आणि तो देणारा स्वतः उबदार महालात होता. 2 फेब्रुवारी 1943 रोजी त्या सैन्याने शस्त्रे खाली ठेवली. सुमारे 90,000 सैनिक कैद झाले आणि त्यांतील फारच थोडे पुढे घरी परतले. विद्यार्थ्यांनी पूंछ व स्टालिनग्राड ही दोन नावे वहीत शेजारी शेजारी लिहून ठेवावीत. दोन्हीकडे वेढा, दोन्हीकडे विमानांचाच आधार. पूंछचा आकार लहान होता हे खरे. परंतु तेथे शब्द दिला तो स्वतः जाऊन पाहिलेल्या माणसाने. पूर्वी किती विमाने पाडली, या गोष्टीचा गोरिंगच्या फौजेस काडीचाही उपयोग झाला नाही.

अर्थात एक्का हा चांगला सेनापती होतच नाही, असे मात्र कोणी समजू नये. न्यूझीलंडचा कीथ पार्क पहिल्या महायुद्धात एक्का होता. 1940 साली लंडनच्या रक्षणाचा मुख्य भार त्यानेच वाहिला, आणि 1945 साली ब्रह्मदेशाच्या आघाडीवरील मित्रराष्ट्रांच्या हवाई दलांचा तो प्रमुख होता. आपल्याही हवाई दलाचे 1951 ते 1954 या काळातील प्रमुख, एअर मार्शल जेराल्ड गिब्ज, हे पहिल्या महायुद्धातील दहा विजयांचे एक्के होते. त्या पदावरील ते शेवटचे इंग्रज अधिकारी. 1 एप्रिल 1954 रोजी त्यांच्याकडून सूत्रे घेतली ती सुब्रतो मुखर्जी यांनी, आणि आपले हवाई दल प्रथमच भारतीय सेनापतीच्या हाती आले. मुखर्जींच्या नावावर एकही विजय नव्हता. ज्यांच्या बळावर चार विमानांचे दल राष्ट्राचे हवाई दल झाले, त्या पिढीचे ते अग्रणी होते. एक्क्याच्या मागून एक्का नसलेला आला आणि काम उत्तम चालले, यावरून काय ते समजावे.

मुळगावकर हे पायरी पायरीने चढत 1 फेब्रुवारी 1976 रोजी हवाई दलप्रमुख झाले. मराठी माणसास हा मान प्रथमच मिळत होता. पुढे अनिल यशवंत टिपणीस आणि प्रदीप वसंत नाईक हेही त्या पदावर पोहोचले. ज्याने दोन विमानांची टेहळणी केली होती, त्याच्या आज्ञेत आता ध्वनीहून वेगाने धावणारी शेकडो विमाने होती. प्रमुखाच्या मेजावर येणारे प्रश्नही आता निराळे झाले. जुनी झालेली बाँबफेकी विमाने बदलून त्यांच्या जागी कोणते नवे विमान घ्यावे, हा त्या वर्षांतील मोठा प्रश्न होता. ब्रिटनचे जॅग्वार, फ्रान्सचे मिराज व स्वीडनचे विगेन यांचा तौलनिक विचार होऊन अखेर 1978 साली जॅग्वारची निवड झाली. ते विमान दलात पुढे चार दशकांहून अधिक काळ टिकले. विमान निवडणे हे बाजारातून बैल निवडण्यासारखे नव्हे. आज बारा वर्षांचा असलेला मुलगा मोठा होऊन ज्या विमानात बसणार, त्याची ती निवड असते.

मुळगावकर प्रमुखपदी असतानाच, 4 नोव्हेंबर 1977 रोजी, एक अपघात घडला. पंतप्रधान मोरारजी देसाई यांस घेऊन जाणारे हवाई दलाचे टुपोलेव विमान आसामात जोरहाटजवळ रात्री शेतात कोसळले. विमानाच्या अग्रभागाने सारा आघात सोसला. विंग कमांडर क्लॅरेन्स डिलिमा व त्यांचे चार सहकारी असे वैमानिककक्षातील पाचही जण मरण पावले. पंतप्रधान व मागील प्रवासी वाचले. या पाच जणांनी कोणाचे विमान पाडले नव्हते. एक्क्यांच्या यादीत त्यांची नावे कोणी शोधू नयेत. परंतु तरीवाल्याच्या हिशेबाने पाहिले, तर आपल्या भरवशावर बसलेल्यांस पैलतीरी उतरवून ते स्वतः बुडाले.

ऑगस्ट 1978 च्या अखेरीस, जवळजवळ 38 वर्षांच्या सेवेनंतर, मुळगावकर निवृत्त झाले. महावीरचक्राबरोबर परमविशिष्ट सेवा पदकही त्यांस लाभले होते. एप्रिल 2015 मध्ये, वयाची 94 वर्षे पूर्ण झाल्यावर, पुणे येथे त्यांचे निधन झाले.

विद्यार्थिमित्रहो, या चरित्रापासून घ्यावयाचा बोध दूरच्या आकाशातला नाही. आपल्या किनाऱ्याचा सरखेल कान्होजी आंग्रे याचे नाव तुम्ही अलिबागेस गेलात म्हणजे ऐकता. त्याने किती गलबते धरली, एवढ्यावरच त्याचे मोठेपण राहिले नाही. आरमार, गोद्या, किल्ले व माणसे एका शिस्तीत बांधून ती त्याने टिकवून धरली, म्हणून तो सरखेल. वर्गनायक होताना, संघाचा कप्तान होताना, शाळेच्या सहलीत लहान मुलांस खाडीच्या काठाने नेताना हीच परीक्षा तुमचीही होत असते. स्वतः किती धावा काढल्यास, हे विचारण्यास मित्र आहेत. लहानग्यांपैकी कोणी मागे राहिला काय, हे तुझे तूच विचारावयाचे आहे.

आणि पालकांसही दोन शब्द. मुलगा वा मुलगी 'मी वैमानिक होईन' म्हणाली की आईच्या पोटात धस्स होते, ते योग्यच आहे. हे काम जोखमीचे आहे, हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही. परंतु वाट उघडी आहे, हेही सांगितले पाहिजे. पुण्याजवळ खडकवासला येथील राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत परीक्षा देऊन प्रवेश मिळतो; 2022 पासून तेथे मुलींनाही घेतात. 2016 साली तीन तरुणी आपल्या हवाई दलात लढाऊ वैमानिक झाल्या आहेत. गणित व भौतिकशास्त्र पक्के, डोळे उत्तम, प्रकृती निरोगी आणि सांगितलेली गोष्ट वेळेवर करण्याची सवय, एवढी शिदोरी घरून व शाळेतून मिळावी लागते. त्यापुढे आपले मूल कोणाच्या तरी हाती सोपवावे लागते. ते हात कसे असावेत, हे मुळगावकरांच्या पिढीने दाखवून दिले आहे. कदाचित उद्या तुमच्याच मुलाच्या हाती दुसऱ्या कोणाची मुले सोपविली जातील. त्या दिवसाची तयारी आजच, घरातील लहान भावंडांपासून, करून घ्यावी.